डेलियाच्या एका मोसमात बरा झालो

मला टीबी झाला होता. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घरात हा शब्द सुरुवातीचे नऊ दिवस कोणी तोंडातून काढला नाही. "छातीचं आहे", "इन्फेक्शन आहे", "जरा कफ झाला" असे चालले होते. त्या नऊ दिवसांत कोणाचेच भले झाले नाही.

आता मी बरा आहे. एकशे अडुसष्ट डोस घ्यायचे होते, ते सगळे घेतले. मात्र त्याला एकशे त्र्याहत्तर दिवस लागले. पाच दिवस जास्त का लागले, हे सांगण्यासाठीच मुख्यतः लिहायला बसलो आहे. ज्याच्या हातात नुकताच असा रिपोर्ट आला असेल, त्याने बाकी काही नाही तरी तेवढा भाग वाचावा.

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहतो. वय त्रेपन्न. एका राईस मिलच्या वजनकाट्यावर काम करतो. दिवसभर धानाची पोती मोजायची आणि वजन लिहायचे, हे एकवीस वर्षे चालू आहे. घरी पत्नी सुनंदा. मुलगी मयुरी, तिचे मागच्या वर्षी लग्न झाले, सासर आमगावला. घरामागे अठरा फूट बाय बावीस फुटांची मोकळी जागा आहे. तिथे मी चौदा वर्षांपासून डेलिया लावतो.

भुसा लागला

मिलमध्ये काम करणारा प्रत्येक जण खोकतो. धानाचे तूस, ज्याला आम्ही भुसा म्हणतो, ते हवेत सारखे उडत असते. खोकला आला की लोक म्हणतात "भुसा लागला" आणि गुळाचा खडा तोंडात टाकतात. गुळाने धूळ खाली उतरते असा सगळ्यांचा विश्वास आहे, माझाही होता. जुलैच्या शेवटी खोकला सुरू झाला तेव्हा मी गूळ सुरू केला. सात आठवडे रोज गूळ खाल्ला. संध्याकाळी अंग कोमट लागायचे, ते मी पावसाळ्यावर ढकलले. पँट ढिली झाली, ती पट्ट्याला नवे छिद्र पाडून बसवली.

वजनाच्या काट्यावर बसणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन कळू नये, याची मला आजही लाज वाटते. पोती मोजायच्या काट्यावर एकदा उभा राहिलो असतो तरी पुरे होते. होळीच्या वेळी मी चौसष्ट किलो होतो. दवाखान्यात पहिल्यांदा मोजले तेव्हा एक्कावन्न किलो चारशे ग्रॅम निघालो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, असे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असते. मी त्या भिंतीसमोरून रोज सायकलने जात होतो.

टोपलीतले कंद

थंड मुलखात डेलियाचे कंद हिवाळ्याआधी काढून आत ठेवतात, कारण जमीन गोठते. आमच्याकडे सगळे उलटे. झाड लावायचे पाऊस ओसरताना, शरदात वाढवायचे, ऐन थंडीत फुले घ्यायची, आणि उन्हाळा तापण्याआधी कंद काढून ठेवायचे. आमच्या कंदाला झोप लागते ती मे महिन्यात. मी ते बांबूच्या टोपलीत कोरड्या भुशात पुरून ठेवतो. मिलचा भुसा लागेल तेवढा मिळतो, आणि तो वाळूसारखा जड नसतो.

सप्टेंबरच्या चौदा तारखेला सकाळी मी टोपली बाहेर काढली. कंदांचे सव्वीस गड्डे होते. एकेक उचलून भुसा झटकत होतो. चौथ्या की पाचव्या गड्ड्याला भुसा नाकात गेला आणि जोराचा खोकला आला. थांबेना. थांबला तेव्हा टोपलीतल्या पिवळ्या भुशावर लाल शिंतोडे होते.

सुनंदा धुणे वाळत घालत होती. ती जवळ आली, टोपलीत पाहिले आणि म्हणाली, "हे काय होय जी?"

"हिरडी असेल."

"तोंड उघडा." मी उघडले. "हिरडी नाई होय," ती म्हणाली आणि ओल्या हातानेच रिक्षावाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ सांगितले, "काका, टीबी आहे. साध्या औषधांनी बरा होणारा आहे. सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही."

मी विचारले, "सहा महिने म्हणजे किती दिवस?"

"एकशे अडुसष्ट डोस."

हा आकडा ऐकून मला बरे वाटले. "सहा महिने" म्हटले की पुढचे काही दिसत नव्हते. एकशे अडुसष्ट मोजता येत होते. पण लगेच दुसरा आकडा डोक्यात आला. मयुरीला पाचवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी असते. सातव्यात तिला फुलचूरला आणायचे ठरले होते, आणि फुलचूरच्या घरात आता मी खोकत होतो.

वॉर्ड

रक्त पडले म्हणून मला सहा दिवस भरती ठेवले. बारा खाटांचा वॉर्ड, सगळ्या खिडक्या उघड्या. गोळ्या अठरा तारखेला सुरू झाल्या. पहाटे पाचला ताप मोजत, सहाला चहा, मग उपाशीपोटी चार गोळ्या एकदम. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरून नर्सला हाक मारली. ती म्हणाली, "गोळीचा रंग आहे, काका. रंग आला म्हणजे गोळी पोटात गेली." पुढे घरी कित्येक दिवस मला त्या लाल रंगाचा आधार वाटायचा.

शेजारच्या खाटेवर सालेकशाकडचे बुधरामबाबा होते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे, त्याआधी मोहफुले वेचायची, असे त्यांचे वर्ष. मी एका कागदावर तासाला किती वेळा खोकलो याच्या रेघा ओढत होतो. ते बराच वेळ पाहत राहिले.

"कायले मोजून राहिला गा?"

"कमी होतो का पाहतो."

"मोजून कमी होते काय? मंग मी बायकोच्या शिव्या मोजल्या असत्या."

त्यांना दुसऱ्यांदा टीबी झाला होता. पहिल्या वेळी तीन महिन्यांत बरे वाटले, मोहाचे दिवस आले, ते गोळ्या घरी ठेवून रानात गेले. "आता मोठ्या गोळ्या, लंबा टाइम," ते म्हणाले. "तू नोको करू असं." मी मनात म्हटले, मी कशाला करीन. मी आकड्यांचा माणूस.

कागद पाहू

घरी आलो तेव्हा सुनंदाने माझे ताट, तांब्या, पेला वेगळे काढून ठेवले होते. ताटाखाली एक जुने वर्तमानपत्रही होते. आमच्या भागातल्या आशा कार्यकर्ती निर्मलाताई गोळ्यांची पाकिटे घेऊन आल्या. त्यांनी ते ताट पाहिले.

"वहिनी, हे काऊन वेगळं?"

"मंग? लागते ना."

"ताटानं नाई लागत. खोकल्यानं लागते. तोंडाले रुमाल, खिडकी उघडी, आन् गोळी रोज. ताट धुवा आन् मांडणीत ठेवा." मग त्यांनी सुनंदाला छातीचा फोटो काढायला पाठवले. फोटो स्वच्छ आला. तिला आजार होऊ नये म्हणून तिच्याही गोळ्या सुरू झाल्या, त्यामुळे घरात दोघे गोळ्या खाणारे झालो आणि ताटाचा विषय संपला.

आमगावला काय सांगायचे, यावर मात्र आम्ही भांडलो. सुनंदाचे म्हणणे, "निमोनिया सांगा." तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिच्या मावशीला हा आजार झाला तेव्हा तिच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले होते. पण पोटुशी मुलगी या घरात यायची होती. नवव्या दिवशी मी जावयाला फोन लावला आणि शब्द उच्चारला. मयुरीने फोन घेतला, ती रडली. मग फोन विहीणबाईंकडे गेला.

विहीणबाई म्हणजे कौतिकाबाई. वीस वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हापासून चार एकर धान स्वतः पाहतात. त्यांना गोलगोल बोलता येत नाही.

"भाऊ, सांगतलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन कागद पाहू. दोन महिन्यांनी थुंकी तपासतेत ना? तो कागद साफ आला का सून पाठवतो. नाई आला त आमगावलेच बाळंत करू. तुमची लाज मोठी का लेकराचा जीव मोठा?"

सुनंदा दोन दिवस त्यांना नावे ठेवत होती. मला त्यांचा एकही शब्द खोडता आला नाही. अट सरळ होती. नोव्हेंबरच्या मध्यावरचा कागद साफ आला पाहिजे.

लागवड

मी दवाखान्यात असताना सुनंदाने कंदांची काळजी घेतली होती. त्यांना तहान लागली असेल म्हणून ओले पोते झाकून ठेवले होते. चार गड्डे सडले. बावीस उरले. सडलेले मी बाजूला काढले. तिने आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हात लावला होता आणि तोही कोणत्या आठवड्यात!

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, उघड्यावर बसा, झेपेल तेवढे करा. मग मी रोज सकाळी साडेसातला गोळ्या घेऊन मागच्या अंगणात जायचो. गड्डा कापताना एक गोष्ट पाहावी लागते. डेलियाचा कंद केवढाही जाड असो, त्याच्या मानेजवळ डोळा नसेल तर तो फुटत नाही. मी चाकू धुऊन एकेक तुकडा डोळ्यासकट कापला. पूर्वी हे काम अर्ध्या तासाचे होते. या वेळी तीन सकाळी लागल्या, कारण दहा मिनिटांनी चाकू धरवत नसे आणि मी पाटावर बसून राहायचो. तीस तुकडे झाले. एक ऑक्टोबरला लावून संपवले. खड्डे सुनंदाने खणले.

मी पुठ्ठ्याचा तक्ता केला होता. एका बाजूला एक ते एकशे अडुसष्ट चौकोन, गोळ्यांसाठी. दुसऱ्या बाजूला एक ते तीस, झाडांसाठी. रोज सकाळी टिकल्या मारायच्या. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तीसपैकी अठ्ठावीस झाडे वर आली होती आणि माझे वजन पाचशे ग्रॅम वाढले होते. खोकला निम्म्यावर आला होता. ताप गेला होता. मळमळ मात्र वाढली होती. गोळ्या घेतल्यावर दोन तास अन्नाचा वास सहन होत नसे, आणि आठवड्यातून दोनदा तरी मी न्हाणीकडे पळायचो.

पाच दिवस

आता तो भाग.

दिवाळीत विहीणबाई आणि जावई फराळाला येतो म्हणाले. मयुरीला आणणार नव्हते, पण दोघे येऊन घर पाहून जाणार होते. मला वाटले, ही परीक्षाच आहे. मी त्यांच्यासमोर ओकलो, घाम पुसत बसलो, तर नोव्हेंबरचा कागद कसाही येवो, त्या बाईच्या डोळ्यांसमोर तेच चित्र राहील. व्याह्यांसमोर माणूस धड दिसला पाहिजे, ही आमच्याकडची समजूत माझ्याही हाडात मुरलेली आहे.

धनतेरसच्या सकाळी मी चार गोळ्या तळहातावर घेतल्या, तोंडाकडे नेल्या आणि अंगणात जाऊन सात नंबरच्या झाडाच्या मुळाशी बोटाने पुरल्या. तक्त्यावर टिकली मारली. त्या दिवशी मळमळ झाली नाही. मी दोन चकल्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. असे पाच दिवस. वीस गोळ्या आणि पाच खोट्या टिकल्या. एकवीस वर्षे काट्यावर बसून मी कधी पाव किलोचा खोटा आकडा लिहिला नव्हता.

चौथ्या दिवशी पाहुणे आले. आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो, मी रुमाल बांधून जरा लांब. दीड तास ताठ बसलो. जाताना विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ त बरे दिसून राहिले." मला वाटले, जिंकलो.

पाचव्या दिवसानंतर मी गोळ्या परत सुरू केल्या. मळमळही परत आली. तेव्हा डॉक्टरीणबाईंना मळमळीचे सांगितले असते तर त्यांनी साधी ॲसिडिटीची गोळी दिली असती, जी नंतर दिलीच आणि चार दिवसांत फरक पडला. मी सांगितले नाही, कारण सांगितले की पुढचा प्रश्न येईल, अशी भीती होती.

नोव्हेंबरचा कागद

कागद साफ आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "गोळ्या नियमित आहेत ना?" निर्मलाताई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदम. पाकिटं मी मोजते. तक्ता पन पाह्यला मी त्यांचा." मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू औषधाला दाद देईनासे झालेत का ते पाहायला थुंकी पुन्हा पाठवू. मला बुधरामबाबांची खाट दिसली. मोठ्या गोळ्या, लंबा टाइम.

तिथेच सांगून टाकायला हवे होते. माझ्याने घरी येईपर्यंत झाले नाही. घरी येऊन सुनंदाला सांगितले. ती खुरपे घेऊन मागे गेली. सात नंबरच्या बुंध्याशी उकरले. बहुतेक गोळ्या विरघळून गेल्या होत्या, चार-पाच नारिंगी चिखलासारखे गोळे निघाले. ते तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"टीबी कोनाले झाला व्हता? तुमाले का झाडाले?"

मी म्हणालो, "पाहुण्यांसमोर..."

"पाहुने! अवो, पाहुने दीड तास बसून गेले. मी इथं बसली हाव ना रोज?" मग ती खाली बसली आणि खूप रडली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या तीन दिवसांतही रोज साडेसातला ती पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची, मी गोळ्या गिळायचो, ती हनुवटी धरून तोंड उघडून पाहायची आणि निघून जायची. टिकली मारायचे काम तिने स्वतःकडे घेतले. त्या पाच टिकल्या तिने लाल पेनाने काट मारून खोडल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी खरे सांगितले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या कार्डावर पाच दिवस पुढे ढकलले आणि म्हणाल्या, "हे सांगितलंत म्हणून मला आता उपचार नीट करता येतील. आधी सांगितलं असतंत तर मळमळीचंही काही केलं असतं." वाचणाऱ्यांना एवढेच सांगतो. डोस चुकला तर चुकला म्हणून सांगा. लपवलेला डोस चुकलेल्यापेक्षा वाईट.

आमगावला मीच फोन केला. गोळ्या पुरल्याचेही सांगितले. विहीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे दिवाळीत तुमी बरे नवते. बरे दिसून राहिले व्हते."

"हो."

"असं मले पुन्हा नोको दाखवू भाऊ. आजारी दिसा, पन खरे दिसा. कागद नाई, त सून नाई."

जंतू औषधाला दाद देत होते. तो निकाल आठ दिवसांनी आला. त्या आठ दिवसांत मी रोज अठ्ठावीस झाडांचे शेंडे तपासले. चार पानांच्या जोड्या झाल्या की मधला शेंडा खुडायचा असतो, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. मला एकेक शेंडा खुडायला जीव होईना. शेवटी सुनंदाने खुडले. "इतकं काय त्यात," म्हणाली. ते तीन दिवसांनंतरचे तिचे पहिले वाक्य होते.

डिसेंबर

तिसऱ्या महिन्याची तपासणी होईपर्यंत झाडे कमरेएवढी झाली. प्रत्येकाला बांबूची काठी लावून सैल बांधले. अकरा डिसेंबरला पहिले फूल उघडले, गर्द लाल, मोजले तर एकोणीस सेंटीमीटर. वजन पंचावन्न किलो सहाशे. खोकला जवळजवळ नाही. पण या वेळी मला दिसण्यावर भरवसा ठेवायचा नव्हता.

सोळा तारखेला निर्मलाताईंचा फोन आला. मी झाडांना पाणी घालत होतो.

"दादा, निगेटिव्ह!"

"नीट वाचा."

"नीटच वाचून राहिले. थुंकीत काई नाई. निगेटिव्ह. स्पेलिंग सांगू का?"

मी पाइप तसाच टाकून दिला. अंगणात पाणी साचले. सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "पानी बंद करा जी, झाडं बुडून राहिले!" मी तिला आत जाऊन सांगितले. तिने हातातले पीठ न झटकता माझे दोन्ही गाल धरले. एरवी असे करणे आम्हाला सुचण्यासारखे नव्हते, पण त्या दिवशी सुचले.

कागदाचा फोटो मी आमगावला पाठवला. वर लिहिले, "हा खरा आहे." दहा मिनिटांनी विहीणबाईंचा उलट फोन आला. "वाचला. पोराकडून दोनदा वाचून घेतला. वीस तारखेले सून आनून घालतो. आठवा महिना हाये, रस्त्यात खड्डे हायेत, म्हून हळू येऊ. पाट मांडून ठेवा."

वीसला मयुरी आली. सुनंदाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मयुरी सरळ मागे अंगणात गेली. त्या दिवशी एकूण त्रेचाळीस फुले उघडी होती, मी सकाळीच मोजली होती. लाल, जांभळी, दुरंगी, पांढरी. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही किती बारीक झाला." मी म्हणालो, "तू सप्टेंबरात पाहायला हवं होतंस." ती हसली. सात नंबरच्या झाडाबद्दल तिला आईने सांगितलेच होते. त्या झाडाला इतरांइतकीच फुले आली, जास्त नाहीत, कमीही नाहीत. ही नोंद मुद्दाम करतो.

सत्तावीस जानेवारीला मुलगा झाला. दोन किलो नऊशे ग्रॅम.

गड्डे काढताना

नऊ मार्चला शेवटचा डोस घेतला. सुनंदाने एकशे अडुसष्टाव्या चौकोनात टिकली मारली. शेवटची तपासणीही स्वच्छ आली. वजन एकसष्ट किलो दोनशे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता नातवाला घ्या मांडीवर. कसलीही भीती नाही." खरे तर हे त्या जानेवारीपासूनच म्हणत होत्या.

मी घेतले नव्हते. बाळ जन्मल्यापासून मी खोलीच्या दारात उभा राहून पाहायचो, चार फूट अंतर ठेवून, रुमाल बांधून. शेवटचा कागद आल्यावरही मी स्वतःच ठरवून टाकले की आणखी सहा आठवडे थांबायचे. कोणी सांगितले नव्हते. मयुरी चिडायची. "बाबा, डॉक्टर हो म्हणतात, मी हो म्हणते, तुम्हीच कोण नाही म्हणणारे?" मी म्हणायचो, एकदा माझा हिशेब चुकला आहे. ती पाठ फिरवून बाळाकडे जायची, बाळ आत रडायचे आणि मी दारात उभा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विहीणबाई मायलेकराला न्यायला आल्या. मी मागे कंद काढत होतो. पाने पिवळी पडली होती, पंधरा दिवसांपूर्वी पाणी तोडले होते, दांडे वीतभर ठेवून कापले होते. सप्टेंबरात मला दहा मिनिटे चाकू धरवत नव्हता. आता मी सकाळी सहापासून खणत होतो आणि श्वास लागला नव्हता. एकोणीस गड्डे निघाले होते, नऊ बाकी होते.

विहीणबाई पदर खोचून येऊन उभ्या राहिल्या. "इतक्या दुरून काऊन खोदता? बुंध्याशी घाला ना फावडं."

"मान मोडते. डोळा मानेजवळ असतो. मान मोडली की कंद वाया."

"असं होय?" त्या खाली बसल्या आणि मी सैल केलेला विसावा गड्डा दोन्ही हातांनी उचलून काढला. माती झटकली, पण गड्डा आपटला नाही. धान लावलेला हात होता, लगेच कळले त्यांना. "हे त कोचईसारखं दिसते. खातेत काय?"

"नाही, अळूच्या कंदांसारखे हे खात नाहीत. सावलीत तीन दिवस वाळवायचे आणि भुशात ठेवायचे. गणपती झाले की पुन्हा लावायचे."

"मले सहा द्या. आमच्या आंगनात लावतो."

तेवढ्यात आतून बाळाचा आवाज आला. मयुरी न्हाणीत होती, सुनंदा शिदोरी बांधत होती. विहीणबाईंनी हात धुतले, आत गेल्या आणि बाळाला घेऊन अंगणात आल्या. मी सवयीने दोन पावले मागे सरलो. रुमाल शोधू लागलो.

"काय शोधून राहिले?"

"रुमाल."

"भाऊ, कागद मांगनारी कोन व्हती?"

"तुम्ही."

"मंग आता मीच सांगतो. कागद साफ, मानूस साफ. हात धुवा आन् धरा. आमी जाऊन राहिलो आमगावले, मंग काय फोनवरून धरान?"

मी नळावर कोपरापर्यंत हात धुतले. नखांत माती राहिली होती, ती काडीने काढली. पुन्हा धुतले. विहीणबाई बाळाला घेऊन उभ्याच होत्या, पाय बदलत. "झालं का जी? लेकरू शाळेत जायाच्या वयाचं होऊन राहिलं."

मी हात पुढे केले. त्यांनी बाळ माझ्या हातात ठेवले, मान माझ्या कोपराच्या खळग्यात नीट बसवली. त्याने रडणे थांबवून माझ्याकडे पाहिले. जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. कपाळ मयुरीचे होते. वजन पाच किलोच्या आसपास असेल, पण हा एकच आकडा मी मोजलेला नाही. सुनंदा दारात येऊन उभी राहिली, हातात शिदोरीचे फडके. मयुरी ओल्या केसांनी तिच्यामागे. मग माझा सदरा छातीपासून पोटापर्यंत गरम झाला.

"घ्या," विहीणबाई म्हणाल्या, "सही-शिक्का झाला."

सुनंदा इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. मयुरीने बाळाला कोरडे करायला आत नेले आणि मला म्हणाली, सदरा बदला. मी नाही बदलला. ऊन चढायच्या आत काम संपवायचे होते. उरलेले आठ गड्डे मी त्याच सदऱ्यात काढले.